शेकडा कशाचा?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



जेवणानंतरची वेळ, त्यात पुरणपोळी झालेली, आणि विषय प्राप्तिकर. संयोजकांचा माझ्यावर जुना राग असणार. पण हा विषय मीच मागून घेतला. दिवाळीत आपल्या ग्रुपवर कुणीतरी पुण्यातल्या एका गृहप्रकल्पाची जाहिरात टाकली होती: 'कर्ज काढा, फ्लॅट घ्या, भाड्याने द्या, टॅक्स वाचवा.' त्याखाली पंधरा अंगठे आले. दोघांनी मला वेगळा फोन करून विचारले, "तू पुण्यात आहेस, आयटीत आहेस, तू घेतला होतास ना असा फ्लॅट? काय अनुभव?" त्यांना मी म्हटले, फोनवर नको, मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगते. कारण तो अनुभव सांगायला मला थोडे धैर्य लागणार होते, आणि तुमच्यासमोर ते सोपे जाते.

आधीच सांगते, मी सीए नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. पण अकरा वर्षे हे गणित स्वतःच्या खिशातून सोडवले आहे.

आपले गणिताचे सर आज समोर बसले आहेत. सर, शेकडेवारीच्या उदाहरणात कुणी नुसते 'तीस टक्के' म्हटले की तुम्ही खडू टेबलावर आपटून विचारायचात, "शेकडा कशाचा?" दहावीत मला या प्रश्नाचा कंटाळा यायचा. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मी तो विचारायला विसरले, आणि त्याची किंमत काय झाली ते आज सांगते.

गोष्ट २०१३ ची. माझा पगार तीस टक्के कराच्या टप्प्यात गेला होता. राहते घर होते. ऑफिसात दर फेब्रुवारीत फॉर्म भरताना एकच चर्चा: किती कर कापला जातोय आणि तो कसा वाचवायचा. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सांगितले, "दुसरा फ्लॅट घे. भाड्याने दिलेल्या घराचे सगळे व्याज वजा मिळते, मर्यादाच नाही." हे त्या वेळी खरे होते. राहत्या घराच्या व्याजाच्या वजावटीला मर्यादा होती, भाड्याने दिलेल्या घराला नव्हती.

वाकडला एक तयार फ्लॅट मिळाला. किंमत ६० लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून ३ लाख ९० हजार. बँकेने ४८ लाख दिले, सव्वादहा टक्के व्याजाने, वीस वर्षांसाठी. हप्ता ४७ हजार. उरलेले १२ लाख आणि वरचे शुल्क आमचे. त्या बारा लाखांत सहा लाख माझ्या वडिलांचे होते, निवृत्तीला मिळालेल्या पैशातले.

अण्णांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. जिल्हा परिषदेत कारकून होते, प्रीतिसंगमावर रोज सकाळी फिरायला जायचे, अजून जातात. त्यांनी चेक लिहिताना एकच विचारले, "अगं, शंभर रुपये हरवले आणि सरकारने त्यातले तीस परत दिले, तर तू तीस कमावलेस असं म्हणायचं का?" मी म्हटले, "अण्णा, तुम्हाला नाही कळायचं, याला लिव्हरेज म्हणतात." ते हसले आणि सही केली.

आता पहिल्या वर्षाचा हिशेब बघू. ज्यांच्याकडे पेन आहे त्यांनी लिहून घ्या.

भाडे महिना १३ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ५६ हजार. कायदा काय म्हणतो? भाड्यातून आधी महापालिकेला प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा करा. तो ८ हजार होता. राहिले १ लाख ४८ हजार. त्यातून तीस टक्के सरसकट वजा. तुम्ही रंग काढा, नळ दुरुस्त करा किंवा काहीच करू नका, वजावट तीसच टक्के. सोसायटीचा मेंटेनन्स, एजंटची दलाली, दुरुस्ती, हे सगळे त्या तिसात आले असे धरतात, वेगळे काही मिळत नाही. राहिले १ लाख ३ हजार ६००. यातून कर्जाचे व्याज वजा करायचे. माझे पहिल्या वर्षाचे व्याज ४ लाख ९० हजार. म्हणजे घराच्या खात्यावर ३ लाख ८६ हजारांचा तोटा. हा तोटा पगारातून वजा झाला आणि माझा १ लाख १९ हजार रुपये कर वाचला.

रिफंड बँकेत जमा झाला त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते.

आता कायद्याचा नाही, खिशाचा हिशेब बघा. गेले किती? व्याज ४ लाख ९० हजार, मेंटेनन्स ३० हजार, मालमत्ता कर ८ हजार, एकूण ५ लाख २८ हजार. आले किती? भाडे १ लाख ५६ हजार. खरा तोटा ३ लाख ७२ हजार. त्यातले १ लाख १९ हजार सरकारने सोसले. उरलेले २ लाख ५३ हजार माझे गेले. मुद्दल मी यात धरलेले नाही, कारण ते आपलेच कर्ज फिटते. त्या मुद्दलावर कलम ८० सीची वजावट मिळते असे सांगतात, पण माझी त्या कलमाची मर्यादा भविष्य निर्वाह निधी आणि विम्यातच भरत होती.

म्हणजे सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: शेकडा तीस, पण तोट्याचे. मी मात्र ते मनातल्या मनात गुंतवणुकीवरचे तीस टक्के समजून बसले होते. तोटा झाल्याशिवाय हा कर वाचतच नाही. जितका कर जास्त वाचेल, तितके समजा की घर जास्त खाते आहे.

मग लोक हे का करतात? एका आशेवर. घराची किंमत दरवर्षी वाढेल, आणि वार्षिक तोट्यापेक्षा जास्त वाढेल. माझ्या बाबतीत ६० लाखांच्या घराने दरवर्षी किमान सव्वाचार टक्के वाढायला हवे होते, तेव्हा कुठे मी जिथल्या तिथे राहणार होते. २०१३ साली पुण्यात हे कुणालाच अवघड वाटत नव्हते.

यात एक गोष्ट मला मान्य केली पाहिजे. कायद्याचा मूळ विचार चुकीचा नाही. भाडे हे उत्पन्न आहे, ते मिळवण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज हा खर्च आहे, आणि खर्च वजा करूनच उत्पन्नावर कर घ्यावा. दुकानदारालाही तसेच मिळते. प्रश्न येतो तो खर्च उत्पन्नापेक्षा तिप्पट असतो तेव्हा, आणि तो तोटा पगाराच्या करातून भरून काढला जातो तेव्हा. मेलबर्नहून आलेला आपला मित्र सकाळीच सांगत होता, तिकडे याला निगेटिव्ह गिअरिंग म्हणतात, तोटा पगारातून वजा करायला मर्यादा नाही, आणि त्यावर निवडणुकीत भांडणे होतात. इंग्लंडमध्ये उलट झाले. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने व्याजाची वजावट काढत नेली, आणि एप्रिल २०२० पासून घरमालकांना व्याजावर फक्त वीस टक्के दराने सवलत मिळते.

आपल्याकडेही नियम बदलला, तोही २०१७ मध्येच. १ फेब्रुवारीला अरुण जेटलींनी अर्थसंकल्प मांडला. आम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्हीवर बघत होतो. घराच्या खात्यावरचा तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला फक्त २ लाखांपर्यंत वजा होईल, उरलेला पुढे आठ वर्षे ओढता येईल, पण तो फक्त घराच्याच उत्पन्नातून वजा करायचा. आधी घेतलेल्या कर्जांना सूट नाही. माझे कर्ज चार वर्षे जुने होते, आणि सोळा वर्षे बाकी होती.

२०१७-१८ मध्ये माझे व्याज ४ लाख २० हजार होते आणि भाडे महिना १५ हजार. तोटा आला ३ लाख. त्यातले दोन लाख पगारातून गेले, एक लाख पुढच्या वर्षी ओढला. पुढच्या वर्षी पुन्हा तोटाच. वजा करणार कशातून? असे करत करत माझ्या रिटर्नमध्ये जवळपास अडीच लाखांचा न वापरलेला तोटा साठला. तो अजून तिथेच आहे. पहिल्या एक लाखाची मुदत आठच वर्षांची होती. कागदावर ती रक्कम सवलत दिसते. मला त्यातला एक रुपया मिळाला नाही.

यातून मी एक शिकले. कर्ज वीस वर्षांचे असते, सवलत एका अर्थसंकल्पाची असते. वीस वर्षांचा निर्णय एका वर्षाच्या नियमावर घेऊ नये.

आता २०२०. हा भाग सांगायला मला जड जातो. जूनमध्ये माझे भाडेकरू, दोन आयटीतली मुले, घरून काम म्हणून गावी निघून गेली. फ्लॅट सात महिने रिकामा राहिला. हप्ते पुढे ढकलायची सोय होती, पण ऑगस्टपर्यंत, आणि व्याज चढतच होते. रिकाम्या महिन्यांचे न मिळालेले भाडे उत्पन्नात धरावे लागले नाही, तेवढी सोय कायद्यात आहे. पण माझा तोटा वाढला तरी सवलत तीच दोन लाखांवरची. वाईट वर्षात जास्तीचा सगळा तोटा एकट्या माझा होता.

त्याच नोव्हेंबरमध्ये अण्णांची बायपास ठरली. विम्याची रक्कम पुरणार नव्हती, चार लाख कमी पडत होते. माझ्या नावावर पाऊण कोटीचा फ्लॅट होता, आणि चार लाख नव्हते. दोन खोल्यांपैकी एक खोली विकता येत नाही. दोन लाख भावाने दिले, दोन लाखांचे मी वैयक्तिक कर्ज काढले. अण्णांचे सहा लाख त्या फ्लॅटच्या भिंतीत होते, आणि त्यांच्याच ऑपरेशनला मी ते काढू शकत नव्हते. अण्णांनी तो विषय कधी काढला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्यामुळे तो माझ्या डोक्यातून गेला नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी तो फ्लॅट ८५ लाखांना विकला. घरी सगळे म्हणाले, "वा, पंचवीस लाख फायदा!" मी एका रविवारी सगळी पासबुके आणि रिटर्न घेऊन बसले. ते आकडे तुमच्यासमोर ठेवते, पूर्ण लाखांच्या जवळपास.

अकरा वर्षांत भरलेले व्याज ४१ लाख. मेंटेनन्स, मालमत्ता कर, दुरुस्ती, दलाली मिळून ६ लाख. एकूण ४७. मिळालेले भाडे पावणेएकोणीस लाख, वाचलेला कर पावणेआठ लाख. एकूण साडेसव्वीस. म्हणजे घर धरून ठेवायला मला साडेवीस लाख लागले. किंमत वाढल्याचा फायदा, सुरुवातीचे शुल्क आणि विक्रीची दलाली वजा जाता, सव्वावीस लाख. शिल्लक: उणे पंचवीस हजार. अकरा वर्षांची धावपळ, भाडेकरू शोधणे, दर अकरा महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी, गळक्या बाथरूमसाठी रविवार घालवणे, आणि हाती शून्य. आमच्या खिशातले सुरुवातीचे सोळा लाख साध्या मुदत ठेवीत असते तर व्याजावर कर भरूनही दीडपटीहून जास्त झाले असते.

विक्रीच्या कराची गंमत ऐका. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात भांडवली नफ्याचा नियम बदलला. आता महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के. पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरांना निवासी व्यक्तींसाठी जुना पर्याय ठेवला: निर्देशांक लावा आणि वीस टक्के भरा, जो कर कमी तो. नव्या पद्धतीने मला अडीच लाख भरावे लागले असते. जुन्या पद्धतीने माझी खरेदी किंमत २२० च्या निर्देशांकावरून ३६३ वर नेली, तर ती झाली १ कोटी ५ लाख. विक्री ८५ ची. नफाच नाही, म्हणून कर शून्य. मला आनंद झाला आणि मग लक्षात आले की सरकारचा तक्ताच मला सांगतो आहे, बाई, महागाई धरली तर तुझे घर तोट्यात विकले गेले. आज जो फ्लॅट घेईल त्याला हा पर्याय मिळणार नाही. आणि वजा केलेले व्याज विकताना पुन्हा खरेदी किमतीत मिळवायची जी युक्ती काही जण करत, ती २०२३ मध्ये बंद झाली.

आता तुमचा खरा प्रश्न: आज काय? आज ती जाहिरात बहुतेकांसाठी मुळातच खोटी आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ धरली जाते, जुनी हवी असेल तर मुद्दाम निवडावी लागते. नव्या प्रणालीत भाड्याच्या घराचे व्याज भाड्यातून वजा होते, पण त्यापुढचा तोटा पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. दोन लाखही नाहीत. जुनी प्रणाली निवडली तर दोन लाखांची मर्यादा आहेच, शिवाय मुद्दलावर वजावट घेतली आणि ताब्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकले, तर घेतलेली वजावट परत उत्पन्नात येते. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा सही करण्याआधी आपल्या सीएंना विचारा. प्रकल्पाच्या सेल्स ऑफिसमधल्या मुलाला विचारू नका.

माझा गैरसमज नको. भाड्याने घर देणे वाईट नाही. राहते घर घेणे तर वेगळीच गोष्ट, तिथे आपण छपराचे पैसे देतो. आपल्यातल्या ज्यांना वडिलोपार्जित घर आहे, किंवा ज्यांचे कर्ज इतके थोडे आहे की भाड्याच्या सत्तर टक्क्यांतून व्याज निघते, त्यांचे घर पहिल्या दिवसापासून कमावते. ते कर भरतील, पण कमाईवर भरतील. मी फक्त त्यांना सांगते आहे, जे कर वाचतो म्हणून घर घेणार आहेत.

घरी जाऊन एका कागदावर चार ओळी लिहा. वर्षाचे व्याज आणि खर्च. वर्षाचे भाडे, तेही दहाच महिन्यांचे धरा. वाचणारा कर, आणि त्या जागी एकदा शून्य घालून बघा. आणि चौथी ओळ: घरात कुणी आजारी पडले तर पंधरा दिवसांत हातात किती रोख येईल. कराच्या जागी शून्य घालूनही गणित सुटत असेल, तर खुशाल घ्या, वास्तुशांतीला मला बोलवा. शून्य घातल्यावर मोडत असेल, तर समजा की तुम्ही घर घेत नाही आहात, एक आशा घेत आहात, कर्जाने.

विक्रीचे पैसे आले, बँकेचे कर्ज फेडले, आणि पहिला चेक मी अण्णांच्या नावाने लिहिला. सहा लाखांचा. व्याजासह द्यायला हवा होता, ते म्हणाले मुद्दलच दे. मी विचारले, "अण्णा, तेव्हाच का नाही थांबवलंत मला?" ते म्हणाले, "तू इंजिनिअर. मला वाटलं, तुझं गणित माझ्यापेक्षा पक्कं असेल."

अण्णा आज मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांचे आणि सरांचे म्हणणे एकच होते, दोघांपैकी एकाचे तरी मी ऐकायला हवे होते. तुम्ही ऐकाल अशी आशा आहे.

चहा तयार आहे असे खुणेने सांगत आहेत.